शिडाच्या बोटीवरील विजेचा जमाखर्च
(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विशाखापट्टणमच्या आपल्या मंडळात निम्मे लोक रेल्वेचे, निम्मे नौदलाचे. म्हणून दोघांच्या सीमेवरचा विषय घेतला आहे. बोटीबद्दल काही अधिक-उणे बोललो तर नौदलवाल्यांनी सांभाळून घ्यावे. बॅटरीबद्दल मात्र मी कुणाचे ऐकणार नाही, कारण डब्याखाली वाकून तेच पाहण्यात नोकरी गेली.

गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कुठेही न थांबता ती केली. तेव्हा अनेकांनी मला विचारले, की बोट वाऱ्यावर चालते, मग विजेचे काम काय? काम असे, की माणसाला झोप लागते. तो झोपला की सुकाणू धरायला ऑटोपायलट लागतो, आणि तो विजेवर चालतो. रात्री डोलकाठीच्या टोकावरचा दिवा विझला, तर समोरून येणाऱ्या मालवाहू जहाजाला आपण दिसत नाही. बोटीत दोघेच असतील आणि बॅटरी उतरली, तर किनारा येईपर्यंत दोघांनी आळीपाळीने रात्रंदिवस सुकाणू धरायचे. चार दिवसांत माणूस चुका करू लागतो.

आता हिशेब. सुमारे चाळीस फुटांची, एका कुटुंबाने फिरावे अशी बोट धरा. तिच्यात १२ व्होल्ट असतात. ऑटोपायलट सरासरी ३ अँपिअर घेतो, म्हणजे चोवीस तासांत ७२ अँपिअर-तास. उष्ण समुद्रात फ्रीजला ६० लागतात. नकाशाचा पडदा, खोली आणि वारा मोजणारी यंत्रे, रेडिओ यांना मिळून ४८. आतले दिवे, पंप, फोन यांना १५. डोलकाठीवरचा जुना २५ वॉटचा बल्ब रात्रभरात २४ खात असे, एलईडीने तो आकडा ३ वर आणला. बेरीज १९८. शिवाय लेड-अॅसिड बॅटरीतून शंभर काढले, तर एकशेदहा-पंधरा परत घालावे लागतात. म्हणजे रोजची गरज सव्वादोनशेच्या आसपास.

लोक म्हणतात, मोठी बॅटरी घ्या. घरात मोठे कपाट आणले म्हणून पगार वाढतो का? बॅटरी ही तिजोरी आहे, उत्पन्न नव्हे. खरी अडचण भरण्याच्या वेळेची आहे. ४०० अँपिअर-तासांचा संच निम्म्याखाली उतरवला, की त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. निम्म्यापासून ८० टक्क्यांपर्यंत इंजिनावरचा अल्टरनेटर त्याला दीड-पावणेदोन तासांत आणतो. पुढे मात्र बॅटरी स्वतःच करंट कमी घेऊ लागते. व्होल्टेज १४.४ वर टेकलेले, अल्टरनेटर द्यायला तयार, पण ती घेईना! पंगतीत वाढपी आग्रह करतो आणि पाहुणा ताटावर हात धरतो, तसे. शेवटच्या पाचव्या हिश्शाला चार-पाच तास लागतात. तेवढ्यासाठी डिझेल जाळायचे, इंजिन हलक्या लोडवर चालवून आत काजळी धरवायची, आणि त्या आवाजात दिवस काढायचा. म्हणून बहुतेक जण ८० टक्क्यांवर इंजिन बंद करतात. रोज असेच केले की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते आणि चांगली बॅटरी दोन-एक वर्षांत निकामी होते.

रेल्वेच्या मंडळींना हे ओळखीचे वाटेल. जुन्या डब्यांत चाकाच्या आसावरून पट्ट्याने अल्टरनेटर फिरतो. गाडी पळते तोवर चार्जिंग, स्टेशनात उभी राहिली की सगळा भार ११० व्होल्टच्या बॅटरीवर. दर पाच मिनिटांनी थांबणाऱ्या पॅसेंजरची बॅटरी कधी पोटभर जेवत नाही. तिला पिट लाइनवर बाहेरून चार्जिंग देऊन भरून काढावे लागते. भर समुद्रात पिट लाइन कुठून आणायची?

तिथे सूर्य कामाला येतो. ३०० वॉटचे पॅनेल आपल्या अक्षांशावर स्वच्छ दिवशी १०० अँपिअर-तास देते. शिडाची किंवा दोराची सावली पडली की उत्पन्न एकदम घसरते, म्हणून पॅनेल कुठे बसवायचे यावर घरात भांडणे होतात. क्रम मात्र महत्त्वाचा. सकाळीच इंजिन लावून ८० टक्के गाठायचे आणि मग बंद करायचे. उरलेला हट्टी हिस्सा दिवसभर सूर्याने सावकाश भरायचा. त्याला घाई नाही आणि डिझेलही लागत नाही. संध्याकाळी इंजिन लावणारे लोक दुपारचे ऊन फुकट घालवतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

पवनचक्कीबद्दल फार सांगत नाही. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की वीज आठव्या हिश्शावर येते, आणि वारा पाठीमागून असला तर बोटीवर तो आणखी कमी जाणवतो. पाण्यात सोडलेले चक्र मला जास्त पटते. बोट पाच-सहा नॉटने चालली की ते रात्रंदिवस फिरते, अगदी आपल्या आसावरच्या अल्टरनेटरसारखे.

आता लिथियम आले आहे. ती बॅटरी जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण करंट घेते, अर्धवट भरलेली राहिली तरी तिचे बिघडत नाही. पण ती एवढे ओढते की साधा अल्टरनेटर तापून जळतो. त्यातच तिच्या सुरक्षा सर्किटने चालू चार्जिंग एकदम तोडले, तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड उडतात. म्हणून नुसती बॅटरी बदलून भागत नाही, रेग्युलेटरही बदलावा लागतो. आणि इंजिन सुरू करायची बॅटरी कायम वेगळी ठेवायची. तिला दुसऱ्या कशाचाही भार द्यायचा नाही.

भाषणानंतर एका वहिनींनी विचारले, ‘भाऊजी, फ्रीजच बंद ठेवला तर?’ ६० वाचतात. ऑटोपायलटऐवजी वाऱ्याच्या पात्यावर चालणारे सुकाणूयंत्र बसवले तर आणखी ७२ वाचतात, त्याला वीज लागतच नाही. मग ६६ उरतात, आणि तेवढे एकटे पॅनेल भागवते. वहिनी म्हणाल्या, ‘मग लोणचे-भाकरी नेऊ.’