प्रौढांच्या शिक्षकाची पात्रता
(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



राजुरीत शिक्षणावर बोलायचे म्हटले की मुलांच्याच शिक्षणावर बोलले जाते. आज मी मुलांच्या आईबापांना शिकवणाऱ्याविषयी बोलणार आहे.

आपल्या मुलाला पहिलीत शिकवणाऱ्या गुरुजींकडे शिक्षणशास्त्राची पदविका लागते, शिक्षक पात्रता परीक्षाही द्यावी लागते. मग त्याच मुलाच्या अम्मीला अक्षर शिकवणाऱ्याने कोणती परीक्षा द्यावी? कोणतीच नाही. लिहिता-वाचता येते ना, मग शिकवा, एवढ्यावरच आपण भागवतो.

याचा परिणाम मी घरात पाहिला आहे. माझी अम्मी मोठ्या हौसेने एका साक्षरता वर्गात गेली. शिकवणारा मुलगा भला होता, पण त्याने बालवाडीचे पुस्तक पुढे ठेवले आणि चुकल्यावर सर्वांसमोर तेच पुन्हा म्हणायला लावले. कोणीतरी हसले. चौथ्या दिवशी ती गेली नाही, पुढे कधीच गेली नाही. अक्षरे तिला दिसतच नव्हती, चाळिशी लागली होती, हे आम्हाला फार उशिरा कळले. दोष त्या मुलाचा नव्हता. मोठ्या माणसाला कसे शिकवावे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

हे काम आपल्या मुलखाला नवे नाही. जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. १९५९ साली सातारा जिल्ह्यातून ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. २ ऑक्टोबर १९७८ रोजी देशभर प्रौढ शिक्षणाचा मोठा कार्यक्रम निघाला. १५ ते ३५ वयाचे दहा कोटी लोक साक्षर करण्याचे उद्दिष्ट होते आणि केंद्रचालकाला महिना पन्नास रुपये मानधन होते. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला ‘उल्लास’ कार्यक्रम तर स्वयंसेवकांच्या विनावेतन सेवेवरच उभा आहे. शिकणाऱ्याची परीक्षा मात्र होते: वाचन, लेखन, संख्याज्ञान, एकूण दीडशे गुण. शिकणाऱ्याला कसोटी आहे, शिकवणाऱ्याला नाही!

कोणी म्हणेल, पदवीची अट घातली तर खेड्यात शिकवायला येणार कोण? शंका रास्त आहे. प्रौढ शिक्षणात एम.ए. करण्याची सोय इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात आहे, पण गावोगाव तसा माणूस मिळणार नाही. दक्षिण कोरियाने प्रौढांच्या आजीवन शिक्षणाचे काम करणाऱ्यांसाठी कायद्याने तीन श्रेणींचे प्रमाणपत्र ठरवले आहे. आपल्या २०२० च्या शैक्षणिक धोरणातही प्रशिक्षित शिक्षकाने वर्ग चालवावा व स्वयंसेवकांशी समन्वय ठेवावा, असे म्हटले आहे. तेव्हा स्वयंसेवक हवेतच. पण त्यांच्या पाठीशी एक तरी जाणता माणूस हवा.

मग पात्रता कशी ठरवावी? मी चार गोष्टी सुचवतो.

पहिली, शिकवण्याआधी स्वयंसेवकाने अनुभवी शिक्षकाचे काही वर्ग बसून पाहावेत, आणि त्याचेही दोन वर्ग कोणीतरी पाहून चुका सांगाव्यात.

दुसरी, पाठ शिकणाऱ्याच्या संसारातून निघावा. डेअरीच्या पावतीवरील लिटर, फॅट आणि दर, आळेफाट्याला कांदा घातल्यावर मिळणारी पट्टी, एस.टी.ची पाटी, स्वतःची सही. ज्या बाईने आयुष्यभर तोंडी हिशेब चोख ठेवला, तिला गणित येत नाही असे समजू नये. तिला फक्त आकडे लिहायचे असतात.

तिसरी, घरची बोली जाणावी. आपल्या कित्येक घरांत दख्खनी बोलतात आणि बाहेर कागद मराठीत येतो. बोलीला हसणारा शिक्षक नापास समजावा.

चौथी, शिकणाऱ्याचा मान आणि वेळ सांभाळावा. माळशेज घाट उतरून मुरबाड तालुक्यात गेलात तर फांगणे गाव लागते. तेथे जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. घरकाम आटोपल्यावर, दुपारी, गुलाबी नऊवारीचा गणवेश नेसून आज्या शाळेत जाऊ लागल्या. पाटी घेऊन जाण्याची लाज तेथे गणवेशाने घालवली. शिक्षकाला हे सुचणे, हीसुद्धा पात्रताच.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही सुट्टीत वर्ग घ्यायला पुढे याल, याची मला खात्री आहे. पण आधी शिकवायला शिका. पालकांनो, तुम्हीही वर्गात बसाल तेव्हा नीट शिकवण्याचा आग्रह धरा. फुकट शिकवतो म्हणून कसेही शिकवले तर चालेल, असे म्हणू नका.

संस्थेला माझी एकच विनंती आहे. पुढचा वर्ग सुरू करण्यापूर्वी या चार अटी ठरावाने मान्य कराव्यात आणि पहिल्या दिवशी, पाटीपेन्सिलीच्याही आधी, प्रत्येकाचे डोळे तपासून घ्यावेत. चौथ्या दिवशी कोणाचीही अम्मी घरी बसू नये, एवढेच माझे मागणे आहे.