दारचा निवडुंग : लावावा कसा आणि हाताळावा कसा

(गणेशोत्सवानिमित्त मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पोळा झाला, गोटमार झाली, आणि आता बाप्पा आले. पांढुर्णा-सौंसरकडच्या आपल्या माणसांचे वर्ष याच क्रमाने चालते. राज्य पुनर्रचनेनंतर १ नोव्हेंबर १९५६ पासून आपण नव्या मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. कचेरीत आपण हिंदी लिहितो, घरात मराठी बोलतो, आणि अंगणात तुळशीशेजारी काही ना काही लावतोच.

आम्ही सरकारी नोकरीत आहोत. शिक्षण पदविकेपर्यंतचे, काम झाडा-रोपांचे. संत्र्यावर बोलावे तर या सभागृहात आमच्यापेक्षा जाणती मंडळी बसलेली आहेत. म्हणून विषय असा निवडला की जो सगळ्यांच्या दारात आहे, पण ज्याच्याबद्दल कोणी नीट सांगत नाही : निवडुंग, शेर, थोर आणि नर्सरीवाले ज्याला ‘युफोर्बिया’ म्हणतात ती सारी मंडळी.

एकाच घरातली भावंडे

प्रथम ओळख करून घेऊ. युफोर्बिया हे एका मोठ्या कुळशाखेचे नाव आहे. जगात तिच्या सुमारे दोन हजार जाती आहेत. नावाची गोष्ट जुनी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेत मॉरिटानिया देशावर दुसरा ज्युबा राजा होता. त्याने एका औषधी झाडाला आपल्या युफोर्बस नावाच्या वैद्याचे नाव दिले. तेच नाव पुढे १७५३ मध्ये लिनियसने शास्त्रात कायम केले.

आपल्या बांधावरचा तीन धारांचा त्रिधारी निवडुंग याच घरातला. जाड मांसल पानांचा थोर, ज्याला संस्कृतात स्नुही आणि हिंदीत सेहुंड म्हणतात, तोही याच घरातला. हिरव्या पेन्सिलीसारख्या काड्यांचा शेर मूळचा आफ्रिकेतला, पण आपल्याकडे इतका रुळला की कुंपण म्हटले की तोच आठवतो. बागेच्या कडेला लावतात तो वाकड्यातिकड्या दांड्यांचा विलायती शेर, नाताळच्या सुमारास लाल होणारे पॉइन्सेटिया, काटेरी दांड्यांवर लाल-गुलाबी फुलांचे झुबके धरणारी युफोर्बिया मिली, आणि अंगणात फरशीच्या फटीतून उगवणारी इवलीशी दुधी, ही सगळी एकमेकांची भावंडे.

फड्या निवडुंग मात्र यांच्यातला नाही. तो अमेरिकेतून आलेला कॅक्टस. दोघांतला फरक ओळखण्याची सोपी खूण सांगतो. कॅक्टसचे काटे मऊ लवेच्या लहान गादीतून झुबक्याने निघतात. आपल्या निवडुंगाचे काटे धारेवर जोडीजोडीने असतात, आणि त्याला जरा खरचटले की पांढरा दुधासारखा चीक येतो. हा चीक म्हणजेच आजच्या व्याख्यानाचा मुख्य विषय.

आपल्या जुन्या ओळखी

निवडुंगाला आपल्या लोकांनी कधी परके मानले नाही. पुण्याच्या नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचे देऊळ आहे. मूर्ती निवडुंगाच्या रानात सापडली म्हणून हे नाव पडले असे सांगतात. तुकोबांची पालखी पुण्यात तिथेच मुक्कामाला असते. बंगालात थोराच्या झाडाला मनसादेवीचे रूप मानून पूजतात. आयुर्वेदात मुळव्याध आणि भगंदरावर जे क्षारसूत्र वापरतात, त्या दोऱ्याला थोराचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची एकूण एकवीस पुटे देतात.

पण त्याच आयुर्वेदाने स्नुहीला उपविषांत घातले आहे, हे आपण विसरतो. वैद्य हे द्रव्य शोधन करून, मोजून, माणूस बघून वापरतो. आपण घरी थोराचे पान भाजून कानात पिळतो, दुखऱ्या दाढेवर चीक लावतो, चामखिळीवर लावतो, कोणी तर पोट साफ व्हावे म्हणून थेंबभर पोटात घेतो. वैद्याच्या हातातले औषध ते आपल्या हातातले विष, एवढे लक्षात ठेवा. यातला कुठलाही उपाय घरी करू नये, लहान मुलांवर तर मुळीच नाही.

लावावा कसा

इतके ऐकून कोणी घरी जाऊन कुंड्या फेकायला निघू नये. आपल्या भागातला उन्हाळा आपण जाणतो. वैशाखात नळाला पाणी एक दिवसाआड येते, गुलाब माना टाकतो, शेवंती वाळते. अशा वेळी युफोर्बिया फुललेली असते. कमी पाण्यात, कडक उन्हात, कमी देखभालीत टिकणारे दुसरे झाड शोधून सापडणार नाही.

हिला मारायचे असेल तर एकच उपाय आहे : जास्त पाणी. आपली काळी माती पावसात पाणी धरून बसते आणि मुळे कुजतात. म्हणून कुंडीत एक भाग माती, दोन भाग जाड रेती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत घ्यावे. कुंडीला तळाशी भोक हवेच, त्यावर खापरी ठेवावी. जमिनीत लावायचे असेल तर वाफा उंच करावा. बोट दोन पेरे मातीत घालून बघावे, कोरडे लागले तरच पाणी द्यावे. पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली घ्यावी. दिवसाला पाच-सहा तास ऊन मिळाले तर फुले भरपूर येतात.

कलम लावायचे तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला लावावे. वीतभर दांडी धारदार सुरीने कापावी. कापलेले टोक लगेच पाण्यात बुडवावे म्हणजे चीक थांबतो. झाडावरच्या जखमेवर पाणी शिंपडून लाकडी कोळशाची पूड लावावी. दांडी सावलीत आठवडाभर सुकू द्यावी आणि मग रेताड मातीत रोवावी. ओल्या जखमेची दांडी लगेच लावली तर ती हमखास कुजते.

पॉइन्सेटियाबद्दल बहिणींची तक्रार असते की नर्सरीतून आणले तेव्हा लाल होते, पुढच्या वर्षी नुसती हिरवी पाने. त्याचे कारण दिव्यात आहे. या झाडाला रंग धरण्यासाठी ऑक्टोबरपासून सहा-आठ आठवडे रोज सुमारे चौदा तासांचा सलग अंधार लागतो. ओसरीतला बल्ब किंवा रस्त्यावरचा खांब रात्रभर उजेड पाडत असेल तर ते लाल होत नाही. संध्याकाळी कुंडी अंधाऱ्या जागी न्यावी, सकाळी उन्हात आणावी. शेंडे खुडायचे ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, नंतर नाही. आणि जी लाल दिसतात ती पानेच आहेत, खरी फुले मधली पिवळी बारीक बोंडे.

हाताळावा कसा

आता मुद्द्याचे. चिकात जी द्रव्ये असतात ती कातडीला आणि डोळ्याला जाळतात. सगळ्या जाती सारख्या नाहीत. पॉइन्सेटियाची बदनामी तिच्या दोषापेक्षा मोठी आहे. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे आलेल्या बावीस हजारांहून जास्त नोंदी तपासून १९९६ मध्ये अभ्यास निघाला, त्यात एकही मृत्यू नव्हता. शेर, त्रिधारी आणि थोर मात्र तीव्र. बागेत शोभेला लावतात ती लाल टोकांची ‘फायर स्टिक’ म्हणजे शेरच, हे विकणारा सांगत नाही.

या चिकाची एक खोड आहे. तो लगेच जाणवतोच असे नाही. हाताला लागला तर त्या क्षणी काही वाटत नाही, काही तासांनी लाली येते, दुसऱ्या दिवशी फोड येतात. डोळ्यात गेला तर आग होते, पण खरी सूज आणि अंधुकपणा पुढच्या दिवसभरात वाढतो. माणूस म्हणतो, धुतले, बरे वाटते, सकाळी बघू. त्या सकाळपर्यंत बुबुळाला जखम झालेली असते. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक डोळे आठवडा-दोन आठवड्यांत बरे होतात. हयगय केली तर डोळ्यात फूल पडते आणि नजर जाते.

म्हणून नेम असे ठेवा. निवडुंग छाटताना डोळ्यांना चष्मा हवाच, साधा पारदर्शक चालेल. हातात रबरी मोजे घाला. कापडी मोजे चीक पितात आणि तोच कातडीला धरून ठेवतात. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. डोक्याच्या वरची फांदी खाली उभे राहून कापू नका. वारा पाठीमागून येईल असे उभे राहा. काम चालू असताना तोंडाला, डोळ्याला हात लावू नका, घाम खांद्याने पुसा. पाण्याची बादली आणि साबण आधी जवळ ठेवा, मग कोयता उचला. काम झाल्यावर हत्यारे घासलेटाच्या बोळ्याने पुसून साबणाने धुवा. हात दोन-तीनदा साबणाने धुवा, कपडे वेगळे धुवा. कापलेल्या ओल्या फांद्या जाळू नका, त्यांचा धूरही डोळ्यांना झोंबतो. नाल्यात किंवा तळ्यात टाकू नका, चिकाने मासे मरतात. खड्डा करून पुरा.

डोळ्यात चीक गेलाच तर चोळू नका. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याच्या धारेखाली घड्याळ लावून पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवा. लेन्स असेल तर काढा. तूप, मध, गुलाबपाणी, अंगावरचे दूध यातले काही घालू नका. मग दुखणे कमी वाटले तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि झाडाची काडी प्लॅस्टिकच्या पिशवीत सोबत न्या. मुलाने चावले असेल तर तोंड खळखळून धुवा, ओकारी काढू नका, १०८ ला फोन करा.

सणाच्या दिवसांत आणखी एक सांगतो. गणपतीच्या एकवीस पत्रींत रुईचे पान आहे. जामसावळीच्या हनुमंताला जाताना आपण रुईची माळ नेतो. रुई निवडुंगाच्या घरातली नाही, पण तिचाही चीक डोळ्याला घातक आहे, आणि त्यात दुखणे कमी असल्यामुळे फसगत जास्त. पत्री तोडायला आपण मुलांना पाठवतो. रुईचे पान मोठ्यांनी तोडावे, देठ धुवून घ्यावा, माळ ओवल्यावर हात धुवावे.

कुंपणाची गोष्ट

शेवटी थोडे शेताकडे वळू. जुनी शेराची आणि निवडुंगाची कुंपणे आता निघत आहेत, तारा येत आहेत. ज्याला तार परवडते त्याने जरूर लावावी. पण हे कुंपण पाणी मागत नाही, गुरे त्याला तोंड लावत नाहीत, बांधाची माती धरून ठेवते आणि पाखरांना आसरा देते. जमेल तेवढे राहू द्यावे.

आणि काढायचे किंवा छाटायचे ठरले तर ते काम कोण करतो, याचा विचार करावा. मालक करत नाही. रोजाने आलेला मजूर करतो, उघड्या हाताने आणि उघड्या डोळ्याने. आमच्या पाहण्यात असा एक माणूस आहे. धुऱ्यावरचा शेर तोडताना चीक उडाला, ओढ्याच्या पाण्याने डोळा पुसला आणि संध्याकाळपर्यंत काम केले, कारण अर्धा दिवस सोडला तर अर्धी मजुरी गेली असती. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेले. आज त्या डोळ्याने त्याला फक्त उजेड दिसतो. शंभर-दीडशे रुपयांचा चष्मा त्या दिवशी धुऱ्यावर असता तर तो डोळा वाचला असता.

म्हणून आमची विनंती एवढीच. ज्याच्या शेतात किंवा अंगणात निवडुंग आहे त्याने घरात एक चष्मा आणि रबरी मोज्यांचा एक जोड कायम ठेवावा, आणि कामाला येणाऱ्या माणसाच्या हातात कोयत्याच्या आधी तो द्यावा. ज्या दिवशी कोणाच्या डोळ्यात चीक जाईल त्या दिवशी त्याची पूर्ण मजुरी देऊन त्याला स्वतः दवाखान्यात न्यावे.

कोणाला युफोर्बिया मिलीची कलमे हवी असतील तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला सांगावे, सुकवलेली आणि चीक थांबलेली कलमे आम्ही देऊ. गणपती बाप्पा मोरया!