काम आखण्याचे कसब कामगाराच्या हाती हवे

(मल्लेश्वरम, बंगळूर येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात रेल्वे कामगार संघटनेच्या सचिवांनी केलेले भाषण)



मल्लेश्वरममध्ये मराठीत बोलायला उभे राहताना आम्हाला परके वाटत नाही. इथल्या काडू मल्लेश्वराच्या देवळाशी शिवाजी महाराजांचे बंधू व्यंकोजी राजे यांचे नाव जोडलेले आहे. तेव्हा बदली होऊन किंवा पोटासाठी इकडे आलेली आपण काही पहिली मराठी माणसे नव्हेत. पण आज आम्ही इतिहास सांगायला आलेलो नाही. विषय पोटाचाच आहे.

विषयाचे नाव मोठे आहे, प्रकल्प व्यवस्थापन. हे नाव ऐकले की आपला माणूस म्हणतो, हे साहेबांचे काम, आपल्याला त्याचे काय? आमचे म्हणणे असे की हे काम आपण रोज करतो, फक्त त्याचे नाव आपल्याला माहीत नाही, आणि नाव माहीत नाही म्हणून त्याचा मोबदलाही मिळत नाही.

प्रकल्प म्हणजे काय? ज्या कामाला सुरुवात आहे, शेवट आहे, ठरलेला पैसा, ठरलेली माणसे आणि ठरलेली वेळ आहे, तो प्रकल्प. रोज गाडी चालवणे हा प्रकल्प नव्हे. रविवारचा ब्लॉक हा मात्र प्रकल्प आहे. टपाल कार्यालय जुन्या खतावण्यांवरून संगणकावर नेणे हाही प्रकल्प आहे.

आमच्या पाहण्यातला एक ब्लॉक सांगतो. गाव आणि विभाग सांगत नाही. तीन तासांचा, म्हणजे १८० मिनिटांचा ब्लॉक होता. एक रूळ बदलायचा होता. परवाना हाती पडून बावटे लावेपर्यंत २० मिनिटे, चाव्या काढायला २५, जुना रूळ बाहेर आणि नवा आत घ्यायला ४५, चाव्या आणि फिशप्लेट बसवायला ३५. त्यानंतर सिग्नलवाल्याने बाँडच्या तारा जोडायच्या, त्याला ३०. शेवटची तपासणी १५. बेरीज १७० मिनिटे. हाताशी राहिली १० मिनिटे.

गँगने आपले काम वेळेत केले. पण सिग्नलच्या माणसाला मेमो उशिरा पोचला आणि तो ५० मिनिटे उशिरा आला. ब्लॉक ४० मिनिटांनी लांबला, मागे गाड्या उभ्या राहिल्या. आणि एस.एफ. ११ चा कागद कोणाला मिळाला? मुकादमाला!

त्या मुकादमाच्या खिशात एक छोटी वही होती. प्रत्येक काम किती वाजता सुरू झाले आणि किती वाजता संपले, हे त्याने पेन्सिलीने लिहून ठेवले होते. आम्ही त्याच वहीवरून एका कागदावर आडव्या रेघा ओढल्या, प्रत्येक कामाची एक रेघ. त्या कागदात स्पष्ट दिसले की गँगची एकही रेघ लांबलेली नाही. सुनावणीत तो कागद ठेवला. शिक्षा झाली नाही. भाषणांनी जे झाले नसते ते त्या चार रेघांनी झाले.

साथींनो, या आडव्या रेघांनाच जगात गँट तक्ता म्हणतात. हेन्री गँट नावाच्या अमेरिकन अभियंत्याने साधारण शंभर वर्षांपूर्वी तो रूढ केला. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आणखी एक रीत निघाली. ती सांगते, सगळ्या कामांकडे सारखेच पाहू नका. एकामागून एक येणाऱ्या कामांची जी साखळी सर्वांत लांब आहे ती शोधा. तिच्यात एक कडी लांबली की सगळा प्रकल्प लांबतो. बाकीची कामे थोडी मागेपुढे झाली तरी चालते. आमच्या ब्लॉकमध्ये सिग्नलची तार त्या साखळीत होती, आणि नेमक्या त्याच माणसाला निरोप वेळेवर गेला नव्हता. शिवाय एका टोकाच्या चाव्या बसत असतानाच दुसऱ्या टोकाला तार जोडायला घेतली असती तर वेळ वाचलाही असता. हे मुकादमाला माहीत होते. पण आखणीच्या बैठकीला त्याला कोणी बोलावलेच नव्हते.

आता मोठे उदाहरण घ्या, आपल्या घरचे. कोकण रेल्वे. १९७४ च्या मे महिन्यातील रेल्वे संपाचे नेतृत्व करणारे साथी जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना आणि प्रा. मधू दंडवते अर्थमंत्री असताना, १९९० मध्ये हे महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन त्याचे प्रमुख. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर मार्ग, नव्वदच्या वर बोगदे, लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल. एवढे काम एका ठिकाणी बसून हाकले नाही. मार्गाचे सात विभाग पाडले, प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमला आणि निर्णयाचे अधिकार त्याला जागेवरच दिले. किती दिवस उरले हे दाखवणारी उलटी घड्याळे कार्यालयांत लावली.

तरीही मुदत चुकली. का? करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा झाला, उंच उंच पूल झाले, पण गोव्यात पेडण्याचा जेमतेम दीड किलोमीटरचा बोगदा अडून बसला. तिथे खडक नव्हता, ओली माती होती. खणावे तसे ती ढासळे. अखेर २६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग सलग झाला. दीड किलोमीटरसाठी ७४० किलोमीटर थांबून राहिले. सर्वांत लांब साखळी म्हणतात ती हीच.

या शहरातही तोच अनुभव आहे. मेट्रोची पायाभरणी जून २००६ मध्ये झाली. ४२ किलोमीटरचा पहिला टप्पा पूर्ण व्हायला जून २०१७ उजाडला. इथून जवळच, संपिगे रोड आणि मॅजेस्टिक यांच्या दरम्यान, भुयार खणणारे यंत्र कठीण दगडात अडकून पडले होते. जमिनीच्या पोटात काय आहे हे आधी नीट कळले नाही, की कागदावरचा तक्ता कितीही सुबक असो, तो कोलमडतो.

आणि कोकण रेल्वेची दुसरी बाजू आम्ही विसरू शकत नाही. त्या बांधकामात सत्तरहून अधिक माणसांचा जीव गेला. रत्नागिरीस त्यांचे स्मारक आहे. घाईच्या आखणीत सर्वांत आधी कापली जाते ती सुरक्षिततेची वेळ, आणि त्याची किंमत मोजतो तो ठेकेदाराचा रोजंदार. म्हणून आम्ही म्हणतो की काम आखताना कामगार तिथे हजर असला पाहिजे.

कोणी विचारील, सचिव महाशय, आपण हे कसब शिकलो तर माणसे कमी करायला साहेबालाच मदत होणार नाही का? हा प्रश्न खोटा नाही. तक्त्यावर माणसे कमी दाखवून गँगची संख्या घटवता येते, घटवलीही जाते. पण आपल्याला तो तक्ता वाचता येत नसेल तर आपण फक्त घोषणा देऊ शकतो. वाचता येत असेल तर सांगू शकतो की ४५ मिनिटांत रूळ आत घ्यायचा असेल तर इतकी माणसे लागतात, कमी दिलीत तर ब्लॉक वाढवून द्या. १९७४ चा संप तरी काय होता? फेब्रुवारीत कृती समिती, ८ मे ही तारीख, देशभर निरोप. आखणीशिवाय संपसुद्धा होत नाही.

आता बढतीचे. आम्ही स्वतः मॅट्रिक आहोत, म्हणून पोकळ आशा दाखवत नाही. पहिली पायरी खात्यांतर्गत परीक्षा. रेल्वेत मर्यादित स्पर्धा परीक्षेतून वर जाता येते. टपालात पोस्टमन, पोस्टल असिस्टंट, इन्स्पेक्टर अशा पायऱ्या आहेत. दुसरी पायरी फुकटचे शिक्षण. २०२० च्या मिशन कर्मयोगीनंतर आय-गॉट आणि टपालासाठी जून २०२२ पासून डाक कर्मयोगी ही संगणकावरची शिकवणी आहे. तिसरी पायरी बाहेरची प्रमाणपत्रे. त्यांतल्या काही परीक्षा पदवी नसलेल्यालाही देता येतात, मात्र अनुभवाची वर्षे जास्त मागतात, आणि तो अनुभव लेखी दाखवावा लागतो. त्यांची फी भारी असते. सोसायटीचे कर्ज काढून त्यांच्या मागे लागू नका, आधी खात्याची परीक्षा द्या.

टपालातील साथींना वेगळे सांगतो. २००८ मध्ये प्रोजेक्ट ॲरो आला, मग २०१२ पासून संगणकीकरण. कोणत्या पासबुकाची शिल्लक खतावणीशी जुळत नाही हे काउंटरवरच्या माणसालाच ठाऊक होते. ज्याने त्या दिवसांत काम आखले, सह्या तपासल्या, चुका निस्तरल्या, त्याने प्रकल्पच चालवला. ते लिहून ठेवा.

आमच्या मागण्या चार. ब्लॉकच्या आखणीच्या बैठकीला मुकादमाला बोलवा. तक्ता गँगला समजेल अशा भाषेत आदल्या दिवशी लावा. शिक्षणाची वेळ ड्युटीत धरा. आणि ठेकेदाराच्या कामगाराला काम सुरू होण्यापूर्वी धोके समजावून सांगण्याची जबाबदारी नावानिशी ठरवा.

आणि तुमच्याकडे मागणे एकच. उद्यापासून खिशात एक वही ठेवा. काम काय, माणसे किती, सुरू कधी, संपले कधी, अडले कशाने, एवढे पाच रकाने. एक वर्ष ती वही भरा. ती परीक्षेत उपयोगी पडेल, बढतीच्या मुलाखतीत उपयोगी पडेल आणि एखाद्या दिवशी नोकरीही वाचवील. त्या मुकादमाची वाचवली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!