चार मतांनी घर विकलं, पाच मतांनी वाचलं

माझा घसा बसलाय, त्यामुळे आज आवाज जरा जड वाटेल, सांभाळून घ्या. आजचा विषय आहे मतदान. घाबरू नका, कुठल्या पक्षाला मत द्या असं मी सांगणार नाहीये. मला बोलायचंय मतं मोजायच्या पद्धतीबद्दल. आणि ते सुचलं आमच्या घरातल्या एका भांडणावरून.

तर झालं असं. कोकणात आमचं जुनं घर आहे. कौलारू, पुढे पडवी, मागे चार कलमं. सातबाऱ्यावर नावं मोठ्यांची, पण ते म्हणाले, पुढे तुम्हालाच बघायचंय, तुम्ही मुलांनी काय ते ठरवा. आम्ही नऊ भावंडं. मी ग्रुपवर पोल टाकला. पर्याय तीन : विकायचं, दुरुस्त करून ठेवायचं, की होमस्टे करायचा.

निकाल : विकायचं ४, दुरुस्ती ३, होमस्टे २. दादाने लगेच लिहिलं, "ठरलं मग. मी गिऱ्हाईक बघतो."

मी होमस्टेला मत दिलं होतं. रात्री झोपच येईना. चौघांना विकायचंय, म्हणजे पाच जणांना विकायचं नाहीये! मग हरलो कसे? तर आमची पाच मतं दोन पर्यायांत फुटली म्हणून. होमस्टे नाही तर दुरुस्ती तरी, हे आम्हा दोघांचं मत होतं, पण ते सांगायला पोलमध्ये जागाच नव्हती.

गंमत ऐका. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये एक बटण असतं, एकापेक्षा जास्त उत्तरं चालतील का, याचं. ते आपोआप चालूच असतं. मी ते मुद्दाम बंद केलं होतं, एक माणूस एक मत म्हणून. ते चालू राहिलं असतं तर आम्ही दोघांनी दुरुस्तीवरही टिचकी मारली असती आणि दुरुस्तीला निदान पाच मतं पडली असती. माणसं तीच, मनं तीच, एका बटणाने निकाल उलटा.

आपल्या लोकसभेला हीच पद्धत आहे, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून आला. निम्मी मतं लागत नाहीत. म्हणून २०१४ मध्ये भाजपला साधारण ३१ टक्के मतांवर २८२ जागा मिळाल्या. आणि बसपाला देशभरात ४ टक्क्यांहून जास्त मतं पडूनही एकही जागा नाही. हे एकाच पक्षाचं नाही हं. १९८४ च्या एवढ्या मोठ्या लाटेत काँग्रेसला ४०० च्या वर जागा मिळाल्या, पण मतं तेव्हाही निम्म्याला पोचली नव्हती. ही पद्धत कोणी न विचारता आली असंही नाही. संविधान सभेत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना आली होती. डॉ. आंबेडकरांचं म्हणणं होतं की त्याने सभागृहाचे लहान लहान गट पडतील आणि सरकार टिकणार नाही. म्हणजे थोडा न्याय सोडून थोडं स्थैर्य घेतलं.

पण याच देशात दुसरी पद्धतही आहे. राष्ट्रपती निवडताना आमदार-खासदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितात. १९६९ ची निवडणूक बघा. व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि तिसरे आपले रायगडचे चिंतामणराव देशमुख, संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५ इतक्या मूल्याची मतं, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. जिंकायला लागत होती ४,१८,१६९. कोणीच तिथे पोचलं नाही. मग खालचे उमेदवार एकेक करून बाद झाले, शेवटी देशमुख, आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली. बरीचशी रेड्डींकडे गेली. गिरी जिंकले, पण ८८ हजारांची आघाडी साडेचौदा हजारांवर आली!

हे ऐकून मला जोर चढला. मी सगळ्या भावंडांना फोन करून दुसरी पसंती विचारली. होमस्टे बाद केला, आमची दोन मतं दुरुस्तीला जोडली. दुरुस्ती ५, विक्री ४. ग्रुपवर टाकलं. दादाचं उत्तर आलं : "निकाल आवडला नाही म्हणून नियम बदलतेस?"

खरं सांगू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. १९६९ चा नियम मत देण्याआधी सगळ्यांना माहीत होता, घटनेतच लिहिलेला होता. मी माझा नियम निकाल बघून शोधला होता. पद्धत चांगली असेल, पण वागणं रडीच्या डावाचंच.

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९५१ मध्येच दाखवून दिलं होतं की पर्याय तीन किंवा जास्त असले, तर पसंतीक्रमावरून निकाल लावणारी कुठलीही पद्धत अगदी साध्या वाटणाऱ्या सगळ्या अटी एकदम पाळू शकत नाही. म्हणजे निर्दोष पोल मला कधीच सापडणार नाही. मग निदान आधी ठरवायचं, सगळ्यांदेखत.

आणि आधी ठरवायला बसलो तेव्हा ताईने विचारलं, "काकूचं मत कोणी घेतलं?" सगळे गप्प. काकू त्या घरात राहते. रोज पडवी तीच झाडते. तिच्याकडे साधा फोन आहे, म्हणून ती ग्रुपवर नाही. मोजणीवरून मी एवढी भांडले, पण मतदारयादीच चुकली होती. मी तिला फोन केला, तर म्हणाली, "अगो, मला काय विचारतेस? पावसाआधी सांगा म्हणजे झालं, कौलं शाकारायची की नाही ते."

आता असं ठरलंय : मे महिन्यात सगळे गावी जमणार, पडवीत बसून कागदावर १, २, ३ लिहिणार. काकूसकट दहा जण. दहा म्हणजे पाच-पाच होऊ शकतात, तर तसं झालं तर एक वर्ष काहीच विकायचं नाही, हेही आत्ताच लिहून ठेवलंय. दादाने हो म्हटलंय. विकायचं ठरलं तर मीही हो म्हणणार आहे, जड जाईल, पण म्हणणार.

जाता जाता एक. तुम्ही पदवीधर असाल आणि पदवीला तीन वर्षं झाली असतील, तर विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात तुम्हालाही हे पसंतीक्रमाचं मत देता येतं. त्याची यादी दर वेळी नव्याने बनते, नाव आपोआप येत नाही, अर्ज करावा लागतो. तेवढं बघा.

आणि तुमच्या ग्रुपवर पुढचा पोल टाकाल, ट्रिपचा का असेना, तेव्हा ते बटण बघा आणि ग्रुपवर कोण नाहीये तेही बघा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!