बॅटरीची जागा आणि केबलची जाडी

१ जून ते ३१ जुलै हे मासेमारी बंदीचे एकसष्ट दिवस म्हणजे गोव्यातील यांत्रिक होड्यांच्या डागडुजीचे दिवस. मालीम, शापोरा, कुटबण येथील धक्क्यांवर याच काळात फळ्या बदलल्या जातात, इंजिने उघडली जातात. आणि एखादा होडीमालक बॅटरी इंजिनघरातून काढून पुढे नाळेकडील कोरड्या कप्प्यात नेण्याचा बेत करतो.

बेत चुकीचा नाही. इंजिनाच्या उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. तळात साचलेले खारे पाणी तिच्यात शिरले तर क्लोरीन हा विषारी वायू निर्माण होतो. तेव्हा बॅटरी उंच, कोरड्या व वारा खेळेल अशा जागी असणे केव्हाही चांगले. परंतु जागा बदलताना काटकसर म्हणून जुन्याच केबलला तेवढ्याच जाडीचा जोड देण्यात येतो, आणि येथेच घोटाळा होतो.

वायरमनला विचारावे तर तो सांगतो, ‘ही केबल एवढी वीज सहज वाहून नेते.’ त्याचे म्हणणे खोटे नसते. पण ते अर्धेच उत्तर असते. केबल तापून जळणार नाही, हा एक प्रश्न; स्टार्टरपर्यंत पुरेसा दाब पोहोचेल की नाही, हा दुसरा. घरातील २३० व्होल्टांत एक व्होल्ट गळला तर कोणाला कळतही नाही. होडीवरील १२ व्होल्टांत त्याच एका व्होल्टाची किंमत फार मोठी असते.

समजा, स्टार्टर चालू होताना ३०० अँपिअर वीज घेतो. बॅटरी इंजिनालगत असताना धन व ऋण अशा दोन्ही केबली एकेक मीटर, म्हणजे जाण्यायेण्याचा मार्ग २ मीटर होता आणि तांब्याचा छेद ३५ चौरस मिलिमीटर होता. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७५ ओहम धरतात. या हिशेबाने वाटेत ०.३ व्होल्ट खर्च होत होते. आता बॅटरी इंजिनापासून ४ मीटरांवर गेली. मार्ग ४ नव्हे, ८ मीटरांचा झाला, कारण वीज गेली तशी परतही यावी लागते. त्याच केबलीत आता १.२ व्होल्ट, म्हणजे एकूण दाबाचा दहावा हिस्सा नाहीसा होतो. ७० चौरस मिलिमीटरची केबल घातली तर ही गळती ०.६ वर येते. पूर्वीइतकीच ०.३ ठेवायची तर ७० च्या दोन केबली जोडीने टाकाव्या लागतील. २४ व्होल्टांच्या होडीवर मात्र तेवढ्याच कामाला निम्मी वीज लागते, आणि दाबाच्या प्रमाणात पाहिल्यास गळती एकचतुर्थांशच राहते.

दाब कमी पडला की स्टार्टर मंद फिरतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा वेगाने दाबली जाऊन तापते, तेव्हाच डिझेल पेटते. इंजिन मंद फिरले तर हवा पुरेशी तापत नाही. धक्क्यावर भरलेल्या बॅटरीवर चालू झालेले इंजिन रात्रभर दिवे जाळून बॅटरी उतरल्यावर पहाटे भर समुद्रात चालू होत नाही. होडी वाहवत खडकांकडे जाऊ लागली असता तांडेलाला त्या वाचवलेल्या पैशांचा काय उपयोग?

म्हणून लांबी मोजताना सरळ रेषा न धरता केबल प्रत्यक्ष जेथून जाईल तेथून सुतळी फिरवून मोजावी. ऋण केबलही धन केबलीइतकीच जाड हवी. तिच्यात कसर करण्याची खोड पुष्कळांना असते. वरचे रबर जाड आहे म्हणून आत तांबे अधिक असेल असे समजू नये. केबलीवर छापलेला छेद वाचावा. तार बारीक धाग्यांची व कल्हई केलेली घ्यावी, कारण खारी हवा उघड्या तांब्याच्या धाग्यांत शिरून ते हिरवे व कुचकामी करते. टोकांचे लग योग्य दाबयंत्राने दाबून बसवावेत. मध्ये जोड नसावा.

स्टार्टरच्या केबलीवर सहसा फ्यूज नसतो. ती लाकडाला वा पत्र्याला घासून उघडी पडली तर आग लागू शकते. तेव्हा नळीतून न्यावी, जागोजाग पक्की धरावी. इतर सर्व मंडलांना मात्र बॅटरीजवळच फ्यूज हवा.

७० चौरस मिलिमीटरच्या ८ मीटर केबलीत नुसते तांबेच सुमारे ५ किलो भरते; खर्च थोडा नाही. ज्याला तो झेपत नाही त्याने स्टार्टरची बॅटरी इंजिनाजवळच, परंतु उंचावर ठेवावी व दिव्यांची तेवढी पुढे न्यावी. हा मार्ग पुष्कळदा अधिक शहाणपणाचा ठरतो.

काम पुरे झाल्यावर मेकॅनिककडून एक तपासणी अवश्य करून घ्यावी. स्टार्टर फिरत असताना मीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकावर व दुसरी स्टार्टरच्या खिळ्यावर धरावी. मग ऋण टोक व इंजिनाचे अंग यांमध्ये तसेच मोजावे. दोन्ही आकड्यांची बेरीज हिशेबापेक्षा बरीच अधिक आली तर एखादा सांधा सैल वा गंजलेला आहे असे समजून तो होडी पाण्यात लोटण्यापूर्वीच शोधावा.