चित्र हलते की डोळा फसतो?

(कोराडी येथे प्रौढ साक्षरता वर्गात झालेले भाषण)



आज मी तुम्हाला एका चित्राची गोष्ट सांगणार आहे. चित्र साध्या कागदावरचे. त्याला ना चावी, ना दोरी, ना यंत्र. तरी ते फिरताना दिसे. त्या चित्रापायी एका घरात काय झाले, ते आधी ऐका.

आपल्या कोराडीला नवरात्रात केवढी यात्रा भरते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जगदंबेच्या दर्शनाला लांबलांबून माणसे येतात. बांगड्यांची, खेळण्यांची, तसबिरींची दुकाने लागतात. आपल्या वर्गातल्या एका बाईने तिथून एक चित्र घेतले. त्यावर रंगीत चकरा होत्या. काळा, निळा, पांढरा, पिवळा असे पट्टे गोल गोल काढलेले. तिने ते घरी भिंतीला लावले. संध्याकाळी ती चुलीपाशी काम करीत होती. जाता येता नजर भिंतीकडे गेली. पाहते तर काय, चकरा हळूहळू फिरत आहेत! बाई दचकली.

त्याच आठवड्यात तिच्या घरधन्याला थंडी वाजून ताप भरला. मग काय! कोणीतरी एका जाणत्याला बोलावून आणले. तो म्हणाला, “या चित्रात बाहेरचे वारे शिरले आहे. उतारा केला पाहिजे.” उताऱ्याचे त्याने अकराशे रुपये घेतले. चार दिवस गेले. ताप उतरला नाही.

पाचव्या दिवशी बाई ते चित्र फडक्यात गुंडाळून वर्गात घेऊन आली. म्हणाली, “गुरुजी, हे आपोआप फिरून राह्यलं जी. मले लय भेव वाटते.”

मी म्हटले, “बाई, भिऊ नका. आधी घरच्यांना दवाखान्यात न्या. चित्राचे आपण मागून पाहू.” आमच्यातला एकजण लगेच तिच्याबरोबर गेला. दवाखान्यात रक्त तपासले. हिवताप निघाला. औषध सुरू झाले आणि माणूस बरा झाला. पैसे तर गेलेच होते. पण हिवतापात आणखी चार दिवस गेले असते, तर जिवावर बेतले असते.

आता चित्राकडे वळू.

मी ते चित्र वर्गात टांगले आणि सर्वांना विचारले, “फिरते का?” बरेच जण म्हणाले, “हाव, फिरते.” दोघे म्हणाले, “आम्हाले तर काहीच दिसत नाही.” मग मी म्हटले, “आता एका ठिपक्यावर नजर रोखा. डोळा हलवू नका.” थोड्या वेळाने सगळे म्हणाले, “थांबलं!” पुन्हा नजर इकडून तिकडे फिरवली, तर चकरा पुन्हा फिरू लागल्या.

आता तुम्हीच सांगा. चित्रात वारे असते, तर आपण नजर रोखली म्हणून ते थांबले असते का? आणि त्या दोघांना ते का दिसले नाही?

मंडळी, डोळा आपल्याला रोज फसवतो. आपले तिकडे लक्ष नसते, इतकेच. नागपूरच्या स्टेशनात आपण गाडीत बसलेले असतो. शेजारची गाडी सुटते. आपल्याला वाटते, आपलीच गाडी निघाली. मग फलाटाकडे पाहिले की कळते, आपण जागच्या जागी आहोत.

रात्री ढग धावतात आणि वाटते, चांदोबाच पळतो आहे. दिवसा हीच गंमत आपल्या कोराडीत पाहायला मिळते. इथले वीज केंद्र १९७४ साली सुरू झाले. त्याच्या उंच चिमण्या आपण रोज पाहतो. एखादे दिवशी ढग जोरात जात असताना चिमणीच्या टोकाकडे टक लावून पाहा. चिमणी आपल्या अंगावर कलते आहे असे वाटेल. ती मुळीच कलत नाही. ढग सरकत असतात.

असे का होते? डोळा फक्त उजेड आत घेतो. त्याचा अर्थ लावतो मेंदू. मेंदूची एक सवय आहे. मोठी, पसरलेली गोष्ट स्थिर आहे, आणि तिच्यातली लहान गोष्ट हलते आहे, असे तो धरून चालतो. बहुतेक वेळा ते खरे असते. शेत मोठे, बैल लहान. शेत हलत नाही, बैल हलतो. पण आभाळात ही सवय अंगलट येते. तिथे पसरलेले ढग हलतात, आणि चिमणी उभी असते.

पाण्याचे आणखी वेगळे आहे. पावसाळ्यात पुलावर उभे राहून वाहत्या नाल्याकडे बराच वेळ पाहा. मग नजर काठावरच्या दगडाकडे न्या. दगड उलट्या दिशेला सरकल्यासारखा वाटेल. हालचाल ओळखणाऱ्या पेशी मेंदूत असतात. एकाच दिशेची धार पाहून पाहून त्यातल्या काही पेशी थकतात. मग उलट दिशेच्या पेशींचा जोर वाढतो, आणि उभा दगड चालू लागतो. जुनी माणसे सांगत, “नाला ओलांडताना पाण्याकडे पाहू नका, पैलतीराकडे पाहा.” ते उगाच नव्हे. वाहत्या पाण्याकडे पाहून भोवळ येते, तोल जातो. पुराच्या पाण्यात तर पाऊलच घालू नये.

मग त्या चकरांचे काय? जपानमध्ये अकियोशी किताओका नावाचे एक प्राध्यापक आहेत. त्यांनी २००३ साली ‘फिरते साप’ नावाचे चित्र तयार केले. ते जगभर गाजले. यात्रेतले चित्र त्याच जातीचे होते. त्यातली करामत रंगांच्या क्रमात आहे. काळा, निळा, पांढरा, पिवळा, हा क्रम पुन्हा पुन्हा तसाच येतो. गडद आणि फिका यांतला फरक कुठे जास्त, कुठे कमी. फरक जास्त असला की त्याची खबर मेंदूला लवकर पोचते, कमी असला की उशिरा. खबर मागेपुढे झाली की मेंदूला वाटते, इथून तिथे काहीतरी सरकले. नजर हलली, पापणी लवली की हे पुन्हा पुन्हा घडते. डोळ्याच्या कोपऱ्यातून तर ते अधिकच दिसते. आपली बाई काम करता करता, जाता येता त्याकडे पाहत होती. म्हणून तिला ते चांगलेच फिरताना दिसले. आणि सगळ्यांचे डोळे, सगळ्यांचा मेंदू अगदी सारखा नसतो. म्हणून काहींना ते दिसत नाही.

डोळ्याच्या या फसगतीतून आपल्याच माणसांनी केवढी मोठी कला उभी केली, तेही ऐका.

कल्याणला महादेव गोपाळ पटवर्धन नावाचे गृहस्थ होते. १८९२ च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी ‘शांबरिक खरोलिका’ नावाचा खेळ सुरू केला. शंबर हा पुराणातला मायावी राक्षस. त्याच्यावरून हे नाव. खेळ असा: काचेवर हाताने बारीक रंगीत चित्रे काढायची. कंदिलाचा उजेड त्या काचेतून आणि भिंगातून पडद्यावर पाडायचा. काचा चटचट बदलल्या की पडद्यावरची माणसे हालचाल करू लागत. तेव्हा आपल्या देशात सिनेमा आलेला नव्हता. तो मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी प्रथम दाखवला गेला.

पुढे दादासाहेब फाळके आले. ते मूळचे त्र्यंबकेश्वरचे. त्यांना सिनेमाचा ध्यास लागला. रात्रंदिवस ते सिनेमे पाहत आणि प्रयोग करीत. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ त्यांना दिसेनासे झाले. औषधोपचाराने नजर परत आली. पण त्यांनी नाद सोडला नाही. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर ठेवला आणि दिवसामागून दिवस त्याची चित्रे घेतली. ती भराभर दाखवली, तेव्हा लोकांच्या डोळ्यांदेखत वाटाण्याला कोंब फुटला, वेल वर चढली! हे पाहूनच पैसे घालायला माणूस तयार झाला. ३ मे १९१३ रोजी मुंबईत त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

सिनेमात हलणारे चित्र एकही नसते, बरे का. सगळी उभी चित्रे. एका सेकंदाला साधारण २४ चित्रे डोळ्यांपुढून जातात. मधली जोडणी मेंदू करतो. आज आपल्या हातातल्या मोबाइलमध्येही तेच चालते.

पटवर्धन आणि फाळके यांनी लोकांना फसवले का? नाही. त्यांनी तिकीट लावले, पडदा बांधला आणि सांगितले, “हा खेळ आहे, या, पाहा.” त्या जाणत्याने खेळाला भुताचे नाव दिले आणि भिऊन गेलेल्या बाईचे पैसे घेतले. फरक एवढाच, पण तो मोठा आहे. चमत्काराचा आव आणून, भीती घालून लोकांना लुबाडणे, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणे, यांविरुद्ध आपल्या राज्यात २०१३ सालापासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्याची तक्रार पोलिसांत करता येते.

त्या दिवशी वर्गात एका आजोबांनी विचारले, “गुरुजी, मग आपल्या देवीची तीन रूपं? सकाळी बालिका, दुपारी तरुणी, सांजेले म्हातारी?” मी म्हटले, “आजोबा, घरच्या माणसाचा चेहराही सकाळच्या कोवळ्या उन्हात वेगळा दिसतो, दुपारी वेगळा आणि दिव्याच्या उजेडात वेगळा. भक्त त्यात आईची तीन वये पाहतो. ती त्याची भक्ती. त्यात भीती नाही आणि उताऱ्याचे अकराशे रुपयेही नाहीत.” आजोबा म्हणाले, “हे पटलं.”

आता घरी जाऊन एक प्रयोग करा. तुमची अक्षरे गिरवण्याची वही घ्या. तिच्या वीस पानांच्या कोपऱ्यात एक एक पाखरू काढा. पहिल्या पानावर पंख वर, पुढच्यावर थोडे खाली, त्यापुढच्यावर आणखी खाली. मग पुन्हा वर. अंगठ्याने पाने फरफर सोडा. पाखरू उडू लागेल. ते तुम्हीच काढलेले आहे. त्यात कोणते वारे शिरले, ते तुम्हाला चांगले ठाऊक असेल!

आणि उद्या कोणी काही अजब दाखवले, तर तीन गोष्टी करा. नजर एका जागी रोखून पाहा. शेजाऱ्याला बोलावून त्याला काय दिसते ते विचारा. आणि जो अर्थ सांगतो, तो पैसे मागतो का, तेही पाहा. घरात आजारी माणूस असेल, तर यातले काही करत बसू नका. आधी दवाखाना गाठा.

त्या बाईने ते चित्र फेकले नाही. ते आता आपल्या वर्गाच्या भिंतीवर आहे. नवीन कोणी आले की बाईच त्याला म्हणते, “पाहा बरं, फिरते का? आता त्या ठिपक्याकडे पाहा.” आणि ते थांबले की ती हसते.