लिफ्ट उचलेना? आधी तेल बघा

वाफसा झालेला, पेरणी तोंडावर आणि आमच्या जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट पेरणीयंत्र उचलेना. फोनवर मिस्त्री म्हणाला, "पंप गेला." नवा पंप आणायला मी निघालोच होतो राव. अण्णा म्हणाले, "आधी तेल बघ रे." डिपस्टिक काढली, तर तेल चहासारखं दुधाळ! ट्रॅक्टर पावसात उभा, गिअरच्या दांड्याचं रबर फाटलेलं. तिथून पाणी आत गेलेलं. तेल सोडलं, तर जाळी गाळानं पार बुजलेली. पंपाला तेलच मिळत नव्हतं! जाळी डिझेलनं धुतली, रबर बदललं, नवं तेल भरलं. लिफ्ट उचलली. इंजिन बंद केलं की मात्र अजून हळूहळू खाली बसते. ते बहुतेक पिस्टनच्या सीलचं काम, पेरणीनंतर बघू. तोवर उचललेल्या यंत्राखाली हात घालायचा नाही, असं धाकट्याला बजावलंय.